सतरा नंबरची बाटली

बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या त्या कॉलेजात केमिस्ट्रीचे प्राध्यापक चार होते, पण केमिस्ट्री खरी येते ती पाचव्याला, असं मुलं म्हणत. पाचवे म्हणजे लॅबचे अटेंडर भगवंतराव. शिक्षण एसएसएलसी, म्हणजे मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. पण अठ्ठावीस वर्षं बाटल्या भरून आणि परीक्षानळ्या धुऊन माणसाला जी विद्या येते तिचं सर्टिफिकेट कुठं मिळत नाही. आपले पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बेंगळुरात आले, असं त्यांच्या घरात मोठ्या अभिमानानं सांगत. भगवंतराव सायकलवर येत, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

त्यांना एक खोड मात्र होती. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रत्येक मुलाला नंबर घातलेली एक बाटली मिळे. आत पांढरी पूड. ती कशाची, हे तीन तासांत शोधून लिहायचं. हुशार मुलं शोधत. पण एखादं पोर घाबरून रडकुंडीला आलं की भगवंतरावांना राहवत नसे. मग ते बादली उचलून त्या टेबलावरून जात आणि जाता जाता खूण करत. शिसं असेल तर कानावरची पेन्सिल चाचपायची, अमोनियम असेल तर नाक चोळायचं, कॅल्शियम असेल तर खिशातला खडू काढून हातात घोळवायचा. साऱ्या कॉलेजला हे ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नसे. याच्या बदल्यात त्यांनी कोणाची कॉफीसुद्धा घेतली नाही.

"हे पाप आहे, अहो," असं त्यांची बायको भाग्यलक्ष्मी म्हणे.

"असेल," ते म्हणत. "पण पोर रडत होतं की."

एकोणीसशे शहाण्णव साली त्यांची एकुलती एक मुलगी दिव्यश्री त्याच कॉलेजात सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी सीईटीत वरचा रँक हवा, आणि रँक ठरायचा तो निम्मा सीईटीच्या गुणांवर, निम्मा पीयूसीच्या. प्रॅक्टिकलचा एकेक गुण त्यात धरलेला. सरकारी सीट मिळाली तर डॉक्टर, नाहीतर नाही. पेमेंट सीट हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नव्हतं.

पोरगी बापावर गेलेली. केमिस्ट्री तिच्या डोळ्यांत होती. लॅबमध्ये सांडलेलं, उरलेलं सॉल्ट भगवंतराव कागदाच्या पुड्यांत बांधून घरी आणत, आणि पहाटे भाग्यलक्ष्मी दूध तापवायला येण्याआधी बापलेकीची परीक्षा गॅसच्या शेगडीवर चाले. तारेचं टोक आम्लात बुडवायचं, पुडीत टेकवायचं, निळ्या ज्योतीत धरायचं आणि रंग बघायचा.

"कॅल्शियमचा लाल विटेसारखा," भगवंतराव सांगत. "स्ट्रॉन्शियमचा लाल कुंकवासारखा. इथं भले भले चकतात. एकदा बघून लिहायचं नाही, दोनदा बघायचं."

"मला एकदाच बघून कळतं, अप्पा."

"तरी दोनदा बघ."

आणि खरोखरच तिला एकदाच बघून कळे. दहातल्या दहा पुड्या ती ओळखी. बाप खोटंखोटं तोंड वाकडं करून म्हणे, "माझी नोकरी घालवतेस आता!" त्या दिवसांत भगवंतराव इतके सुखी होते की सायकलवरून जाताना गुणगुणत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं, "तुझ्या टेबलाशी मी येणार नाही. खूण-बिण काही नाही."

"नकोच की. माझं मला येतं," ती म्हणाली.

त्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक हयवदन सर सकाळी साडेसातलाच हजर झाले. शिस्तीचे पण गोड बोलणारे. यादीप्रमाणे बाटल्या भगवंतरावांनी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवल्या होत्या. सर म्हणाले, "रावअण्णा, स्वल्प कॉफी मिळेल काय?" भगवंतराव फ्लास्क घेऊन कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात गेले, रांगेत उभे राहिले आणि वीस मिनिटांनी परतले. सरांनी कॉफी पिऊन तिची स्तुती केली.

दिव्यश्रीला बाटली मिळाली सतरा नंबरची. भगवंतरावांना नंबर तोंडपाठ होते. सतरा म्हणजे कॅल्शियम. त्यांनी मनात हात जोडले. सोपं आलं, आता ही पोरगी तासाभरात मोकळी होते!

पण तास झाला, दीड तास झाला, तरी ती बर्नरशीच. तिनं तार ज्योतीत धरली, लाल रंग चमकला, तिनं काहीतरी लिहिलं. मग पुन्हा तार धुतली, पुन्हा धरली, पुन्हा वाकून बघत राहिली. लांबून, चष्म्यातून, भगवंतरावांना नुसता लाल दिसला. वीट की कुंकू ते कळायला जवळ जावं लागतं. त्यांना दिसलं ते एवढंच की आपली लेक पुन्हा पुन्हा तेच करते आहे आणि तिच्या कपाळावर आठी आहे. अडकली, ते मनात म्हणाले. भले भले चकतात तिथंच अडकली.

परक्याच्या पोरांसाठी ज्यानं अठ्ठावीस वर्षं बादली उचलली, त्यानं स्वतःच्या पोरीसाठी उचलू नये असं सांगणारे आपण कोण? भगवंतरावांनी बादली उचलली. तिच्या टेबलापाशी आले आणि खिशातून खडू काढला.

दिव्यश्रीनं खडूकडे पाहिलं. मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा गोंधळला, आणि मग तिनं पेन उचलून लिहिलेलं खोडलं.

संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर हयवदन सर उत्तरपत्रिका बांधत होते. म्हणाले, "बेजार नका होऊ हं, रावअण्णा. सकाळी तुम्ही कॉफीला गेलात तेव्हा मी दोन-चार बाटल्यांचे नंबर आपसांत बदलले. सगळीकडेच करतो मी तसं." मग गाठ मारता मारता ते सहज बोलून गेले, "ती सतरा नंबरची मुलगी भारी हुशार. स्ट्रॉन्शियम, अगदी बरोबर लिहिलं होतं. आणि शेवटी काय बुद्धी झाली कोण जाणे, खोडून कॅल्शियम केलं. फार वाईट वाटलं मला."

भगवंतरावांच्या हातातली परीक्षानळी फुटली नाही की काही नाही. त्यांनी ती धुतली, उलटी करून ठेवली आणि सरांची बॅग रिक्षापर्यंत नेऊन दिली. सगळं सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. पण सांगायचं काय? मी खूण केली? मग नोकरी जाईलच, पोरीवर कॉपीचा ठपका येईल आणि परीक्षाच रद्द होईल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रिक्षा वळेपर्यंत ते हात जोडून उभे होते.

घरी दिव्यश्री दारातच वाट बघत होती. आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, तुम्ही आलात म्हणून वाचले. मी स्ट्रॉन्शियम लिहून बसले होते की! दोनदा बघितलं तरी मला कुंकूच दिसलं. माझी नजर काही खरी नाही."

आता सांगायला हवं होतं. बाहेर नाही तर नाही, दाराच्या आत, तिला एकटीला. पण तिच्या डोळ्यांत इतकी कृतज्ञता होती, आणि सीईटी अजून पुढं होती. आता सांगितलं तर पोर खचेल, असं भगवंतरावांनी स्वतःला पटवलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो. "असू दे," ते म्हणाले. "जेव आता."

एप्रिल सगळा सीईटीच्या तयारीत गेला. अव्हेन्यू रोडवरून आणलेल्या जुन्या पुस्तकांतले चार-चार पर्यायांचे प्रश्न ती सकाळपासून सोडवत बसे. पण एक गोष्ट बदलली होती. पूर्वी ती झरझर खुणा करत जाई आणि शेवटी एकदम ताडून बघे. आता एकेका प्रश्नाला थांबे, मागचं पान उलटून उत्तर बघे, मग पुढं जाई. कधी पुस्तक घेऊन बापापाशी येई. "अप्पा, हे बरोबर वाटतं काय तुम्हाला?" एसएसएलसी झालेला बाप त्या प्रश्नाकडे नुसता बघत राही. भगवंतरावांना सगळं दिसत होतं. परीक्षा झाली की सांगू, ते म्हणत. मग म्हणाले, निकाल लागला की सांगू.

निकाल लागला. जुलैत सीट वाटपाला बापलेक दोघं गेले. सकाळपासून बाकावर बसले. दुपारी सरकारी सीट संपल्याचं जाहीर झालं, तेव्हा दिव्यश्रीच्या पुढं फक्त अकरा जण उरले होते. अकराच! ती रडली नाही. "बीएस्सी करते की, अप्पा. केमिस्ट्रीच घेते," असं तीच बापाला समजावत होती. बसमध्येही ती काहीबाही बोलत राहिली. भगवंतरावांना ते ऐकवेना.

घरी पोचल्यावर ते तिला घेऊन गच्चीवर गेले आणि टाकीच्या सावलीत उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. बदललेले नंबर, हयवदन सरांचे शब्द, काही गाळलं नाही. सांगताना त्यांना वाटत होतं, ती त्या गेलेल्या गुणांसाठी ओरडेल, अकरा जणांचं नाव काढील. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तिनं फक्त विचारलं, "म्हणजे मला बरोबर दिसलं होतं?"

"होय ग. तुलाच बरोबर दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"परीक्षा रद्द झाली असती, बाळ."

"बाहेर नाही, अप्पा. मला. मला एकटीला सांगायचं होतं की."

भगवंतराव चष्मा काढून पुसू लागले.

"सीईटीच्या केमिस्ट्रीत पाच प्रश्न असे होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, अगदी साधा होता. "वाचल्याबरोबर उत्तर समोर आलं. पण मी म्हटलं, आपली पहिली नजर चुकते, त्या दिवशी चुकली होती. म्हणून दुसरं लिहिलं. घरी येऊन ताडून बघितलं तर पहिलंच बरोबर होतं. पाचही, अप्पा."

खालून भाग्यलक्ष्मीनं जेवायला हाक मारली. "आले," म्हणून दिव्यश्री जिना उतरून गेली. आयुष्यात पहिल्यांदाच भगवंतरावांना लेकीच्या मागून जायचा धीर झाला नाही.