कठडा मी खाली केला होता

हर्नियाच्या ऑपरेशननंतर मी दवाखान्यात पडलो आणि एका शिकाऊ नर्सला नापास करून घरी आलो, हा किस्सा माझ्या ओळखीच्या पुष्कळ लोकांनी माझ्याच तोंडून ऐकला आहे. आनंद नगरच्या आमच्या घरी, मंडळाच्या गणपतीत, लग्नाच्या पंगतीत मी तो सांगत आलो. परीक्षक बाईंचा आवाज काढून दाखवायचो. लोक हसायचे. "साहेब रिटायर झाले तरी इन्स्पेक्शन सोडत नाहीत," असं कुणीतरी म्हणायचंच, कारण कारखान्यात माझं कामच तयार माल तपासून पास-नापास करण्याचं होतं. ते वाक्य मला आवडायचं. त्यासाठी मी तो किस्सा जरा जास्तच सांगितला.

त्यात खरं एवढंच आहे, की मी पडलो आणि ती नापास झाली. बाकीचं आता लिहितो.

ती सौंसरकडची होती, सीमेलगतच्या मराठी मुलखातली. नर्सिंग कॉलेजच्या मुली त्या दवाखान्यात शिकायला यायच्या, त्यांतली एक. पहिल्या दिवशी ती माझं ब्लड प्रेशर घेत असताना मी मुलाशी फोनवर मराठीत बोलत होतो. फोन ठेवला तशी ती एकदम म्हणाली, "आजोबा, तुमी आपल्यातले आहा का जी?" तिचा चेहरा असा उजळला, की भोपाळमध्ये तिला मराठी ऐकून बरेच दिवस झाले असावेत. नंतर कळलं, की वॉर्डातच एका रुग्णाची शुश्रूषा करून दाखवायच्या तिच्या परीक्षेसाठी तिला दुसरा रुग्ण मिळाला होता. मैत्रिणीची विनवणी करून तिने तो बदलून मला घेतलं होतं. मराठीत विचारता येईल, आजोबा नीट सांगतील, म्हणून.

मी तिची मराठी सुधारायला निघालो होतो. ती म्हणे, "काहून जेवले नाही जी?" मी म्हणे, "काहून नव्हे. का म्हणावं." एकदा ती चादर बदलता बदलता म्हणाली, "तुमचं मराठी पुस्तकातलं आहे आजोबा. भूक लागल्यावर कोणी तसं बोलत नाही." शेजारच्या पलंगावरचे सरदारजी काही न कळता हसले. मीही हसलो, पण मला ते थोडं लागलं होतं, हेही खरं.

तिच्या शिक्षणाचे नियम मला तिनेच सांगितले. मी सहज म्हणालो होतो, "आमच्या वेळी इंजिनिअरिंगला एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात ढकलायचे." ती म्हणाली, "आमच्यात तसं नाही चालत. हजेरी पूर्ण पाहिजे, वॉर्डातले तास पूर्ण पाहिजे. मागच्या साली आईला टायफॉइड झाला, मी घरी राहिली, तर परीक्षेलाच नाही बसू दिलं. अन् लेखीत कितीही मार्क पडू द्या, प्रॅक्टिकल गेलं की पुढच्या वर्षात नाही जाता येत."

"मग पुन्हा द्यायचं."

"या वेळी गेलं तर होस्टेल सुटते आजोबा. अन् घरी गेली की मग कोणी परत पाठवत नाही. माझा मामा बसलाच आहे स्थळ घेऊन." ती हे हसत म्हणाली होती. माझ्या खांद्याखाली हात घालून मला वर सरकवत म्हणाली होती.

परीक्षेच्या सकाळी ती पांढऱ्याशुभ्र एप्रनमध्ये आली. माझं अंग पुसून काढलं, कपडे बदलले, चादरीच्या घड्या दोनदोनदा सारख्या केल्या. मग पलंगाच्या दोन्ही बाजूंचे कठडे, तिथे त्यांना रेल म्हणत, वर करून, खटका बसला की नाही ते हलवून पाहिलं. "आजोबा, मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन येते. एकटे उठू नका बरं. चक्कर येईल. लघवीला लागली तर पॉट इथं आहे, नाही तर मला आवाज द्या."

मला तेव्हाच लागली होती. पण त्या मुलीकडे पॉट मागायचा? आदल्या दिवशी वॉर्डबॉय होता, त्या सकाळी नव्हता. संडास समोरच तर दिसत होता. मी कठड्याचा खटका ओढला. आयुष्यभर मशिनं तपासलेला माणूस मी, मला तो जमायला वेळ लागला नाही. कठडा खाली केला, पाय सोडले, उभा राहिलो. समोरची भिंत वाकडी झाली आणि मी खाली बसलो. हाताला लावलेली सलाइनची सुई निघाली. पायजमा ओला झाला.

लोक धावले. सरदारजींनी आरडाओरडा केला. ते झोपेतून उठले होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्याच वेळी माझा मुलगा चहाचा थर्मास घेऊन आला आणि त्याच वेळी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, कॉलेजच्या मॅडमना घेऊन, आमच्या रांगेत पोचल्या. ती ट्रे घेऊन दारात उभी होती.

मुलगा ओरडला, "ये क्या तमाशा है? पेशंट को ऐसे छोड़ते हैं? नर्स बनने चली है, घर जाके बर्तन माँज!"

परीक्षक बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "बाबूजी, इसने रेल लगाई थी? बताया था कि अकेले नहीं उठना है?"

मी जमिनीवर बसलो होतो. ओला पायजमा सगळ्यांना दिसत होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या प्रश्नामुळे ते तिच्याकडे बघू लागले. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी विसरलेलो नाही.

ती पुढे आली. "आजोबा, सांगा ना. मी लावलं होतं ना? तुमाला म्हटलं होतं ना मी?"

"मराठी में क्या सिखा रही हो पेशंट को?" परीक्षक बाई कडाडल्या. "हिंदी में बात करो!"

ज्या भाषेसाठी तिने मला मागून घेतलं होतं, तीच तिच्यावर उलटली. आणि मी माझ्या शुद्ध हिंदीत म्हणालो, "नहीं मैडम। रेल नीचे थी। मुझे किसी ने कुछ नहीं बताया।"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सुई निघालेल्या हाताकडे पाहत राहिलो.

घरी सोडलं त्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं, की पोरीचं प्रॅक्टिकल गेलं. वर रुग्णाशी हुज्जत घातली असाही शेरा पडला. तेव्हाही बोलता आलं असतं. कॉलेज त्याच आवारात होतं. पण मुलाने एव्हाना वर तक्रार केली होती, आणि आता मी तोंड उघडलं तर तो खोटा पडला असता, अशी मी माझी समजूत घातली. त्याचं निमित्त केलं. खरं तर मला तो ओला पायजमा पुन्हा कुणाच्या डोळ्यांपुढे आणायचा नव्हता.

या उन्हाळ्यात माझे कारखान्यातले एक जुने सहकारी आले होते. त्यांची नात त्याच नर्सिंग कॉलेजात आहे. मुलाने लगेच माझा किस्सा काढला. सहकारी ऐकून म्हणाले, "अरे, हे तर आमच्या छोकरीला वर्गात शिकवलंय! रेल लावली नाही, म्हातारा पडला, मुलगी घरी गेली. दर वर्षी सांगतात म्हणे, सावध राहावं म्हणून. तो म्हातारा तुम्हीच होय?" आणि ते खो खो हसले.

ते गेल्यावर मी मुलाला म्हणालो, "कठडा तिने लावला होता. मी खाली केला."

तो कप उचलत होता. "काय?"

"तिने मला बजावलंही होतं. मी खोटं बोललो."

त्याने कप परत खाली ठेवला. मग म्हणाला, "बाबा, मी त्या मुलीला भांडी घासायला सांगितलं होतं." त्याचा चेहरा पाहून मला कळलं, की इतकी वर्षं मी त्यालाही माझ्या खोट्यात नागवा उभा केला होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही मला तरी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी तोच मला कॉलेजात घेऊन गेला. त्या दिवशीच्या मॅडम आता तिथे मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी शांतपणे ऐकलं. निकाल आता बदलता येत नाही, प्रात्यक्षिकाचे मार्क एकदा गेले की गेले, असं म्हणाल्या. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी थांबवलं. "मुझसे क्यों? मैं तो खुद ये किस्सा पढ़ाती हूँ।" त्या उठल्या. "चलिए। क्लास में बोलिए।"

चाळीस-पन्नास मुली होत्या, दोन-चार मुलगे. मी उभ्यानेच सांगितलं. पॉट मागायची लाज वाटली इथपासून पायजम्यापर्यंत सगळं. त्या वयाच्या मुली हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. ते जास्त जड गेलं.

एकीने हात वर केला. "बाबूजी, आप हमसे पॉट माँग लेते। हमारा तो काम ही है।"

मी हो म्हणालो.

मग मागच्या बाकावरची एक उठली. "वो दीदी अब कहाँ हैं?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, की तिने पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला नाही. होस्टेल सोडून गेली. जुना नंबर लागत नाही.

"गाँव?" मुलीने विचारलं. ती मॅडमना नव्हे, मला विचारत होती.

"सौंसर की तरफ़," मी म्हणालो. त्यापुढचं गावाचं नाव तिने मला सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. तिच्या उच्चारावर मी काहीतरी टिप्पणीही केली होती. नाव मात्र ऐकून ठेवलं नव्हतं.