खरखरणारा वूफर

वूफर दुरुस्त करायचा की नवा आणायचा, यावरून आमच्या तळोद्याच्या घरात चांगले आठ दिवस वाद चालला होता. टीव्हीशेजारचा तो लाकडी डबा पंधरा वर्षांचा. समोर वाटीएवढं भोक, बाजूला बटणं. त्यावर रोज सकाळी माझ्या सासऱ्यांची भजनं लागतात. मी त्यांना आबा म्हणते. दिवाळीपासून ढोलकी वाजली की डबा असा खरखरायचा की डोकं उठायचं.

नवल म्हणजे, नवा आणा असं आबाच म्हणत होते. वाकडा खिळा ठोकून सरळ करून जपून ठेवणारा माणूस, आणि म्हणतो काय, "फेकी दे ते. नवं ली ये." मी म्हटलं, आधी उघडून तर बघू या. तर म्हणाले, "उघाडानी काय गरज शे?" म्हातारपणी हट्टी झालेत, असं मी मनात म्हटलं. पण मीही काही कमी नाही. दुपारी ते आडवे झाल्यावर डबा उचलला, स्कूटीवर पायांशी ठेवला आणि डोंगरातल्या गावांच्या जीपा लागतात तिथल्या मेकॅनिककडे नेला.

त्याने डबा आधी कानाशी धरून हलवला. मग स्क्रू काढून पेपरवर उपडा केला. आतून गोळ्या पडल्या. औषधाच्या. पांढऱ्या आणि गुलाबी, काही सुट्या, काही ओल लागून एकमेकींना चिकटलेल्या. पडतच राहिल्या.

"ताई, डबाले काहीच व्हयेल नही," तो म्हणाला. "नवा कसाले लेतस?"

मी त्याच्या स्टुलावर बसून एकेक गोळी उचलून पाहिली. पांढरी ब्लडप्रेशरची, गुलाबी लघवी जास्त होऊन प्रेशर उतरावं म्हणून दिलेली. रोज सकाळी या दोन्ही गोळ्या मीच आबांच्या तळहातावर ठेवायचे. ते माझ्या डोळ्यांदेखत तोंडात टाकत, वर पाणी पीत आणि मग भजन लावायला डब्याकडे वाकत. माझ्या हातून आबांची गोळी एक दिवस चुकली नाही, असं मी गल्लीभर सांगत फिरले होते. प्रेशर उतरेना म्हणून डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. परवा तर म्हणाले, असंच राहिलं तर लकवा मारेल. आणि मी बाई मिठाला दोष देत बसले, त्यांचं लोणचंसुद्धा बंद केलं. इतकी कशी मी आंधळी!

घरी येऊन गोळ्यांची पुडी आबांसमोर ठेवली. आवाज चढलाच माझा. "आबा, हे काय आहे? जीव नकोसा झालाय का तुम्हाला?"

त्यांनी पुडी बोटाने बाजूला सारली. मग हळूच म्हणाले, "गोळी खाई की लघवी थांबस नही. सारंगखेडाथून येताना बसमा धोतर वलं व्हयनं. सगळा दखी ऱ्हायंतात."

"अहो, मग ती एकच गोळी बदलून आणली असती. प्रेशरची का टाकली?"

"कोनती गोळी असं करस, ते मले काय माहीत?"

मला रडू यायला लागलं. एवढ्याशा गोष्टीपायी हा माणूस एक दिवस आमच्या डोळ्यांसमोर कोसळला असता. मी म्हटलं, "आबा, मला एका शब्दानं सांगायचं होतं. मी काय परकी आहे?"

"तुले माहीत व्हतं ना," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "धोतर तूच धोयं. मंग फोनवर तुन्ही बहिणले हाशी हाशी सांगी ऱ्हायनी व्हती. मी आठेच, खाटवर बठेल व्हतू."

त्या फोनवर आधी बहीण हसली की मी, हे मी खूप आठवून पाहिलं. मीच हसले होते.