किसनबाबांच्या देव्हाऱ्यातलं पिस्तूल

"जर्मन आहे. ल्युगर!" मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

जालन्यात आमचं बंदूक-दुरुस्तीचं लायसन्सवालं दुकान आहे, वडिलांपासूनचं. एवढ्या भांडवलावर माणूस काहीही ठोकून देतो. समोर बसलेले किसनबाबा, भोकरदनकडचे मेंढपाळ, आधी हरखले, मग बुचकळ्यात पडले.

"पण शेठ, बा तर ब्रह्मदेशात लढला म्हणायचा. तिथं जर्मन कुठून आल्ता?"

मी खाकरलो. तिथं समोर जपानी होते, हे शाळेत मीही शिकलो होतो. जपानी नांबू आणि जर्मन ल्युगर दिसायला भावंडंच: बारीक नळी, तिरकी मूठ. त्यात हे पिस्तूल देव्हाऱ्यातलं. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत तेल-शेंदूर फासून थरावर थर चढलेले. हत्यार कुठलं अन् देव कुठला, कळत नव्हतं.

काम असं होतं. पिस्तुलाचा परवाना बाबांना मुलाच्या नावावर करायचा होता. ऑफिसनं विचारलं, हे घरात आलं कुठून? ते तपासून रिपोर्ट द्यायचं काम माझ्याकडं आलं. आमच्या धंद्यात याला प्रोव्हेनन्स म्हणतात, म्हणजे हत्याराचं कूळ. घरात सगळे सांगायचे, गोऱ्या साहेबानं बहादुरीबद्दल बक्षीस दिलं. बाबांना वडिलांच्या समाधीच्या दगडावरही तेच कोरायचं होतं. पाथरवट माझ्या रिपोर्टसाठी थांबला होता. बक्षीस ठरलं तर पिस्तूल घरात राहण्याची आशा. नाहीतर सरकारजमा.

ऑफिसातल्या क्लार्कचा फोन आला. "शेठ, गोलमोल लिहू नका. बक्षीस की लूट, एक काय ते लिहा."

रॉकेलनं शेंदूर सोडवला. खालून जपानी अक्षरं निघाली. माझं ल्युगर तिथंच वारलं. मग अडकलेलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, हळूहळू बाहेर काढलं. डबी भरलेली होती. गोळ्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. मालकानं त्या झाडल्याच नव्हत्या.

मुठीच्या मागं एक कडी असते. तिच्यात दोरी ओवून अधिकारी ती गळ्यात अडकवायचे, पळापळीत पिस्तूल पडू नये म्हणून. त्या कडीत शेंदराखाली दोरीचा तुकडा जिवंत होता. त्याचं टोक झिजून तुटलेलं नव्हतं. सुरीनं एका घावात कापलेलं.

एव्हाना चहा आला होता. शोध लागल्याच्या भरात मी बोलत सुटलो.

"बाबा, हे बक्षीस नाही. देणारा दोरी सोडून देतो, कापत नाही. हे अंगावरून काढलंय. मेलेल्याच्या, नाहीतर मरत असलेल्याच्या."

बाबा त्या तुकड्याकडं बघत राहिले.

"बा पूजेला कधीच बसला न्हाई," ते हळूच म्हणाले. "दसरा आला की मेंढरं घिऊन रानात जायचा. दिवस बुडाल्यावर यायचा. आम्हाला वाटायचं, त्याला मोठेपणा नको असंल."

मी कपाकडं बघितलं.

"शेठ, बक्षीस असं लिव्हता येत न्हाई का?"

"नाही बाबा."

"बिलकुलच न्हाई?"

मी मान हलवली.

"मंग हाय ते लिव्हा." ते उठले. चहा तसाच राहिला. पिस्तूल गुंडाळून आणलेलं लाल फडकं घडी करून त्यांनी खिशात घातलं.

मी लिहिलं: जपानी अधिकाऱ्याचं पिस्तूल, रणांगणावर हस्तगत, बक्षिसाचा पुरावा नाही. अर्ज नामंजूर झाला. पिस्तूल पोलिसांच्या मालखान्यात गेलं. तिथून पुढं गॅस-कटरखाली जातं. दगडावर पाथरवटानं नुसतं नाव कोरलं. यंदा दसऱ्याला त्यांच्या घरी मेंढरांची लोकर कातरायची कातर तेवढी पुजली, असं त्यांचा मुलगा सांगत होता.

तेव्हापासून मी रिपोर्ट लिहून देतो, तोंडी सांगत नाही. शहाणपण जरा उशिरानंच आलं.

रिपोर्ट लिहिला त्या दिवशी घरी बायकोला सगळं सांगितलं होतं. वर म्हणालो, जे खरं ते लिहिलं, आपल्याला लपवाछपवी जमत नाही.

"लिहिलं ते बराबर," भाकरी थापता थापता ती म्हणाली. "पण किसनबाबांच्या बापानं जे जन्मभर पोटात ठेवलं, ते तुम्ही चहा थंड व्हायच्या आत पोराला सांगून मोकळे झाले."