विसावं नाणं

क्लिफर्ड अक्रॉइडबद्दल लिहावं असं पुष्कळदा वाटलं, पण ते मला जमेल याची आजही खात्री नाही. इंग्लंडात, कीथली गावात आमच्या घरांची भिंत सामाईक होती, आणि दोघंही बसवर ड्रायव्हर. सत्तावीस वर्षं त्याच्या हातचा चहा प्यालो, तेव्हा निदान खोटं तरी लिहिणार नाही.

गडी दांडगा. कुंपणावर कोपर टेकले की कुंपण करकरायचं. त्याला एकच मुलगी, ब्रायनी. पडलेला दुधाचा दात रात्री परी नेते आणि बदल्यात नाणं ठेवते, असं तिकडे मुलांना सांगतात. तिचा पहिला दात पडला तेव्हा रिवाजाप्रमाणे तो उशीखाली ठेवला आणि सकाळी त्या जागी सहा पेनीचं नाणं निघालं. ही नाणी बाद होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. क्लिफर्डला त्याच्या लहानपणी परीने दिलेली ती नाणी. एकही खर्च न करता तंबाखूच्या डब्यात त्याने ती जपली होती. वीस दुधाचे दात, वीस नाणी. दर खेपेला एक काढून टूथपेस्टने लख्ख घासायचा आणि मला दाखवायला कुंपणाशी यायचा.

"वास घे, दिव," म्हणायचा. "परीच्या नाण्याला पुदिन्याचा वास हवाच."

"आणि माझ्या बेसिनला तंबाखूचा," आतून ग्लेनिस, त्याची बायको.

ब्रायनी आठ वर्षांची असताना शाळेत कुणीतरी तिला म्हणालं, परीबिरी काही नसते, तुझा बापच ठेवतो. ती तडक स्वयंपाकघरात आली. "डॅड, तू ठेवतोस?"

"हो म्हणायला तोंड उघडलं होतं रे," क्लिफर्डने मला नंतर सांगितलं. "पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाही म्हणालो."

"मग फुली काढ," ती म्हणाली. तिथली मुलं छातीवर बोटाने फुली काढून शपथ घेतात. खोटी फुली काढली तर मरण, असं मानतात. क्लिफर्डने फुली काढली.

दुसऱ्या दिवशी ब्रायनीने शाळेत सगळ्यांची तोंडं बंद केली. बाद झालेली नाणी डॅड कुठून आणणार? आणि डॅडने फुली काढली आहे!

अशी एकोणीस नाणी गेली. ती अकरा वर्षांची झाली. एकच दाढ हलत होती, आणि सप्टेंबरात मोठी शाळा सुरू होणार होती.

"त्याआधी सांग तिला," ग्लेनिस म्हणाली. "तिकडच्या पोरी फाडून खातील."

"तू सांग ना."

"फुली मी काढली होती?"

तो माझ्याकडे आला. मी म्हणालो, "आमच्या गावी आम्ही दात कौलांवर फेकायचो. पुढे त्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही. तूही काही बोलू नकोस. कळेल तिचं तिला." माणूस विचारायला आला होता तर त्याला धीर द्यायचा, ते मला सुचलं नाही. ते अजून सलतं.

तरी त्याने प्रयत्न केला. एका रविवारी तिला समुद्रावर नेलं, तळलेला मासा आणि बटाटे घेऊन दिले, बाकावर बसवलं. "ब्रायनी, त्या परीचं असं आहे..."

"काय?" ती दाढ हलवत होती. बोट तोंडातच.

"...दाढ जरा जड जात असेल तिला."

"मग तिला चिठ्ठी लिहीन," ती म्हणाली. "सावकाश ने म्हणून."

शाळेच्या दुसऱ्या आठवड्यात ती घरी आली तेव्हा मी कुंपणाशी गुलाब छाटत होतो. त्यांचं दार उघडं होतं, त्यामुळे ऐकू आलं. तिने वर्गात पुरावा म्हणून नाणं नेलं होतं. एक मुलगी म्हणाली, "माझ्या आजोबांच्या जुन्या नाण्यांच्या गाळ्यावर असली बादलीभर पडलीत, हवी तेवढी घे." सगळा वर्ग हसला. दाढ त्याच दुपारी पडली. येताना ती तिने रस्त्यात टाकून दिली होती.

"तू फुली काढली होतीस, डॅड."

"हो."

"मी सगळ्यांना सांगितलं, माझे डॅड खोटं बोलत नाहीत."

"हो," क्लिफर्ड पुन्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर तो गणवेशातच, मान खाली घालून थांब्यापासून घरापर्यंत चालला. गटाराच्या कडेला, पानांखाली बुटाने चाचपत. मीही बरोबर होतो.

"सापडली तर काय करशील?"

"माहीत नाही रे."

सापडली नाही. विसावं नाणं डब्यातच राहिलं.

ब्रायनीने आरडाओरडा केला नाही, रुसली नाही. पूर्वीसारखी जेवायची, अभ्यास करायची. मला वाटलं, निभावलं.

नोव्हेंबरात एका सकाळी आम्ही दोघं पाळीवर निघण्याआधी त्यांच्याकडे चहा पीत होतो. ब्रायनी दप्तर घेऊन निघाली. क्लिफर्डने खुंटीवरचा तिचा कोट काढून पुढे धरला. "घाल बाळ, बाहेर कडाक्याची थंडी आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग दार उघडलं, हात बाहेर काढला आणि थोडा वेळ तसाच धरला. परत आत येऊन म्हणाली, "हो, आहे," आणि त्याच्या हातून कोट घेतला.

ती गेल्यावरही क्लिफर्ड हात पुढे करूनच उभा होता. "चल, बस चुकेल," मी म्हणालो. बस आम्हीच चालवायची होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.