कोयतीवाल्या काकूचं पान

सलीमभाईंचं नाव आधी लिहितो, बाकीचं मागून. नांदुऱ्याच्या स्टुडिओत माझं टेबल अजून आहे, ते त्यांच्यामुळे.

त्या दिवशी माझ्यासमोर कोरं पान होतं, विनय सर मागे उभे होते आणि माझा हात चालत नव्हता.

"काऊन थांबला बे? फुल पेज हाये. काकू झोंबी होऊन गेटातून बाहेर येते. सोपं तर हाये."

"हो सर, करतो," म्हणालो आणि टोक असलेल्या पेन्सिलला परत टोक काढायला लागलो.

स्टुडिओ म्हणजे कापसाच्या व्यापाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आमचं कॉमिक मोबाईलवर निघतं. झोंबी, म्हणजे मेल्यावर उठून माणसं चावत फिरणारे, सगळीकडे पसरलेत. वाचलेल्यांच्या दोन टोळ्या आहेत. जिनिंगवाले गावातलेच, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीआड राहतात. फलाटवाले म्हणजे गाड्या बंद पडल्या तेव्हा स्टेशनात अडकलेले परगावचे. मधे गव्हाची मालगाडी उभी आहे आणि तिच्यावरून दोघांची लढाई. झोंबी राहिले बाजूला, माणसंच एकमेकांना जास्त मारतात.

गोष्ट सर लिहितात, मुख्य पात्रंही तेच काढतात. माझं काम क्राऊड, म्हणजे मागची गर्दी. सलीमभाई इंकिंग करतात, म्हणजे आमच्या पेन्सिलीच्या रेघांवर काळी शाई फिरवतात; गर्दीतले झोंबी तेवढे ते थेट शाईनेच काढतात.

गर्दीला चेहरे लागतात. मी वेंगुर्ल्याकडचा. शाळा नववीत सुटली. मोबाईलवर टाकलेली चित्रं बघून सरांनी बोलावलं, म्हणून इतक्या लांब आलो. इथे कोणाच्या तोंडाकडे नीट बघायचा धीर होत नसे. मेसमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवायचो. मग फलाटवाल्यांना मी आमच्या वाडीचे चेहरे दिले. होडी रंगवणारा बाबलो, पोस्टातले काका, आणि झावळं तोडायची कोयती घेतलेली माझी आई. कोणाला सांगितलं नव्हतं. पण सकाळी टेबलावर बसलो की सगळे भेटायचे. दिवस बरा जायचा.

वाचकांना कोयतीवाली काकू आवडली. सरांनी तिला गर्दीतून पुढे आणलं, संवाद दिले. मी खूश होतो. मग नव्या भागाची स्क्रिप्ट आली. जिनिंगवाले स्टेशनातल्या मालधक्क्याचं मागचं गेट उघडतात आणि झोंबी आत सोडतात. फलाटवाल्यांतले बरेच मरतात. शेवटच्या पानावर काकू, डोळे पांढरे.

"सर, काकूला वाचवलं तर?" मी विचारून बघितलं.

"ते वाचली तर लोकाले राग कायचा येईन? पुढची लढाई कशी चालीन?"

"चेहरा थोडा बदलतो मग."

"चेहरा बदलला तर लोकं मलेच खातीन. उद्या सकाळी पान पाहिजे. जमत नसन तं सांग, दुसरा पाहू." सर चहाला खाली गेले.

सर वाईट नाहीत. पण 'दुसरा' म्हटल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. नववी नापासाला चित्राचं काम दुसरं कोण देणार?

सलीमभाई समोरून बघत होते. "अरे कोकणी, खरं सांग. कोण हाये ते?"

"आई."

ते हसले नाहीत. "आन बाकीचे?"

"वाडीतले."

"येडा हायेस तू. मेलेली माणसं आपल्यावाल्यातून घ्याची नसतात. पाह्य, माह्या झोंबींत सगळा माहा साला हाये. केवढ्या खेपा मारलं त्याले! ईदले घरी येऊन शीरखुर्मा पिऊन जाते, त्याले पत्ता नाही."

मला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. त्यांनी माझ्या टेबलावरचं पान उचललं.

"हे मी काढतो. मी काई तुह्या आईले पाह्यलं नाही. माह्यासाठी ते फक्त काकू हाये. तू माही शाई सांभाळ, जिनिंगवाल्यांवर फिरवाची राह्यली."

शाईचं काम त्यांचं, पेन्सिल त्यांनी कित्येक वर्षांत धरली नव्हती. खोडत, वैतागत त्यांनी ते पान पुरं केलं आणि माझ्याकडे पाठ करून सरांच्या टेबलावर उलटं ठेवलं. सकाळी सर म्हणाले, "रेघ जरा जाड झाली. पण चालते." कोणी काढलं हे त्यांनी विचारलं नाही. मी ते पान बघितलंच नाही.

भाग निघाला. वाचकांनी जिनिंगवाल्यांना शिव्या घातल्या, म्हणजे सरांना हवं तसं झालं. मग आईचा फोन आला.

"जेवलंस काय रे?"

"जेवलो."

"शेजारच्या पोरीन तुझी चित्रां दाखवल्यान. ती कोयतीवाली मीच मां? मेलंय मगे मी?"

"हो," मी म्हणालो.

"मरताना हातात कोयती होती मां?"

फोन हातात धरूनच मी सलीमभाईंना विचारलं.

"होती," ते म्हणाले. "घट्ट."

तिकडे आई हसली. तिला तेवढंच हवं होतं.

आता मी गर्दी नांदुऱ्याच्या बाजारातून उचलतो. अनोळखी चेहरे घ्यावेत, मारताना हात अडत नाही, हे मी शिकलो. पण रोज तिथे बसतो, त्यामुळे त्यातले बरेच जण मला ओळखायला लागलेत, चहा पाजतात. ही अडचण सरांना अजून सांगितलेली नाही.

कधीतरी माझी स्वतःची मालिका निघेल. सलीमभाई तिच्या पहिल्या पानावर येतील आणि शेवटच्या पानावरही असतील. वाचकांनी कितीही मागितलं तरी त्यांना मी मरू देणार नाही.