कबिनीची वरुणा मी केली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी न सांगितलेली गोष्ट असते का? म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळात विचारा — साध्या बसप्रवासात मी एक वाघ, दोन हत्ती आणि एक मंत्री घुसवतो. पण हे एवढं... बसा तुम्ही. मला बसून सांगवत नाही.

‘सुरेशअण्णांनी येस दाबलं आणि अख्खी कबिनी कोरडी’ — हा माझा गाजलेला किस्सा. कबिनी म्हणजे धरण नव्हे; आमच्या ऑफिसातल्या सर्व्हर क्लस्टरचं नाव. डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या नोंदी त्यावर असायच्या. साहेबांना नाव बदलून ‘वरुणा’ हवं होतं. मी म्हणालो, शिंक येईपर्यंत करून देतो.

अण्णा लष्कर मोहल्ल्यातले, जुन्या रंगाऱ्यांच्या घरातले. सर्व्हर त्यांच्याच हाताखाली. म्हणाले, “बेडा रे, हात लावू नको. हे टूल नाव बदलत नाही, जुनं मोडून नवं बांधतं. आधी सगळ्या नोंदी दुसरीकडे उतरवून ठेवतो, उद्या करू.” आणि चहाला गेले. लॅपटॉप उघडा ठेवून — मी शेजारी होतो ना?

मी फाइलमध्ये एकच शब्द बदलला. काय काय मोडणार याची लांबलचक यादी टूलने दाखवली. वाचली का? नाही. येस टाइप केलं — त्यांच्या लॉगिनमधून. वरुणा उभी राहिली, कोरी करकरीत. बॅकअप चार दिवसांमागचा. एच. डी. कोट्याहून बस बदलत आलेल्या म्हाताऱ्या ‘यादीत नाव नाही’ ऐकून परत गेल्या. हे मी वाढवून सांगत नाहीये.

अण्णा साहेबांना म्हणाले, “मी चहाला गेलो होतो.”

“मग काय लॅपटॉपनं स्वतःच दाबलं?”

सगळे हसले. मीही — सगळ्यांत मोठ्यानं. अण्णांना सर्व्हरवरून काढून तक्रारींच्या फोनवर बसवलं. निवृत्तीपर्यंत तिथेच.

निरोपाच्या दिवशी लोकांनी किस्सा मागितला. मी सांगितला — कोरड्या कबिनीत एक मगरही सोडली. त्यांची बायकोसुद्धा हसली. मग अण्णा जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“छान सांगतोस. दर वेळी काहीतरी वाढवतोस, नाही का? चहाचं मात्र कधी येत नाही त्यात.”

पुढेही मी तो किस्सा सांगितला. दोनदा.

चहा होता. अण्णा खाली टपरीवर होते. बोट माझं होतं.