इस्त्रीवालीची लेक

इस्त्रीवालीला दिवस भरायच्या आधीच लेक झाली. एवढीशी, की सासू म्हणाली, "ही तर शर्टाच्या बाहीत मावेल गं." बोलताना हसली खरी, पण पोरीचे पाय हातात घेतले आणि तिचं हसू विरलं. पाय गार होते.

मोठा दवाखाना लांब. असल्या गारठ्यात तिथवर न्यायचं म्हणजे पोरीला वाटेतच घालवायचं. खोलीत ऊब होती ती एका कोळशाच्या इस्त्रीची. इस्त्रीवालीनं एक खोकं रिकामं केलं, आत कापूस पसरला, जुन्या सुती चादरीचे तुकडे फाडले. तुकड्यावरून इस्त्री फिरवायची, तळहातानं चाचपायचा नि पोरीला गुंडाळायचं. तो निवेपर्यंत दुसरा तयार. पोरीला दूध ओढायचं त्राण नव्हतं. मग ते वाटीत पिळायचं, कापसाचा बोळा भिजवून ओठांत थेंब थेंब सोडायचं.

"गिऱ्हाईक ओरडतंय," नवरा दारातून म्हणायचा.

"ओरडू दे. त्याचे शर्ट काही मरत नाहीत."

पोरीच्या अंगावर जरा रंग चढला. अन् एका सकाळी सासूनं तुकडा सोडला, तर पाठीवर लालभडक चट्टा, मधे फोड. सासूनं इस्त्रीखालचा ताजा तुकडा गालाला लावला नि झटक्यात बाजूला केला.

"अगं, केवढा कढत हा. हाताला कळलं नाही तुला?"

नव्हतं कळलं. इतकी वर्षं निखारे चिवडून तिचे तळवे कधीच मेले होते. इतरांना चटका बसतो, आपल्याला नाही, याचा उलट तोरा होता तिला.

मग ती पोरीला हातच लावेना. भिंतीकडे तोंड करून बसली.

"रुसून काय होणार?" सासू म्हणाली. "हात गेले असतील, छाती आहे ना? बांध तिला उराशी."

इस्त्री थंड पडली. गिऱ्हाइकं पुढच्या गल्लीत गेली. ती पोरीला उघड्या छातीशी बांधून, वर चादर लपेटून बसायची, बसल्या बसल्याच झोपायची. फोड सुकला. एकदा पोरीनं आपण होऊन दूध ओढलं, तर ही नवऱ्याला हाका मारत सुटली.

त्यानंतरच्या एका दुपारी सासू वाटी घेऊन आली. वाकून पोरीच्या नाकाशी बोट धरलं. बराच वेळ धरलं.

"दे माझ्याकडे."

"झोपलीय. उठवू नका."

"दे गं, पोरी."

"गरम आहे की ती. बघा ना हात लावून."

सासूनं वाटी खाली ठेवली. "ऊब तुझी आहे ती, बाळ."

इस्त्रीवालीनं चादर आणखी आवळून घेतली. "सोडली की गार पडेल," एवढंच म्हणाली.

सासूनं दार लोटलं, लेकाला बाहेरच थांबवलं आणि सुनेच्या पाठीला पाठ लावून बसली. दिवस कलेपर्यंत ती गाठ कुणी सोडली नाही.